माशाच्या डोळ्यावरून राहिलेलं भांडण

प्रज्ञा,

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. नववीचा तास नुकताच संपला होता, बोटांना खडू होता. तो म्हणाला, "ताई, प्रज्ञा गेली." आणि मी त्याला विचारलं, "कुठं गेली?"

खरंच असं विचारलं मी. तुझ्या नवऱ्याच्या तोंडून मला दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. गुरुवारी तर हिची प्रॅक्टिकलं असतात, मग ही मधेच नदीवर कशी गेली, आणि मला न सांगता कशी गेली, एवढा सगळा विचार मी त्या क्षणात करून टाकला. तुझा रागसुद्धा आला. मिलिंद पुन्हा म्हणाला, "ताई, गेली म्हंजी... गेली." शेजारी उभ्या असलेल्या आमच्या मॅडमनी माझ्या हातातून फोन काढून घेतला, कारण मी त्याला पुन्हा पुन्हा तेच विचारत होते म्हणे. मला ते आठवत नाही.

रविवारी दौंडला तुझं पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी आले होते, त्रिशरण-पंचशील झालं, मग एकेक जण उठून बोलला. कुणी तुला आदर्श प्राध्यापक म्हणालं, कुणी नदीची लेक म्हणालं. माईक फिरत फिरत माझ्याकडं आला. मी तो हातात धरला आणि तुझ्या फोटोकडं पाहिलं. तो फोटो आपल्या दोघींचा आहे, प्रज्ञा. घोड नदीच्या काठावरचा. मला कापून त्यांनी तुला मोठं केलंय. तुझ्या खांद्यावर जी चार बोटं दिसतात, ती माझी आहेत. लोक रांगेनं येत होते आणि त्या बोटांवर फुलं पडत होती. मी माईक पुढच्या माणसाला दिला.

म्हणून आता लिहितेय.

तुझ्या कॉलेजातल्या बाईंनी मला सगळं सांगितलं. तू मुलांना ट्रेमधला मासा दाखवत होतीस. मधेच थांबलीस, "डोकं लई ठणकतंय," म्हणालीस आणि स्टुलावर बसलीस. पाणी मागितलंस. कुणीतरी बाटली आणेपर्यंत तू टेबलावर डोकं टेकवलं होतंस. मुलांना वाटलं, मॅडम जरा पडल्यात, बोलायचं नाही. ती पोरं बराच वेळ हळू आवाजात काम करत राहिली. मेंदूतली नस फुटली, असं डॉक्टर नंतर म्हणाले. "त्यांना काही कळलंसुद्धा नसेल." हे वाक्य मला आतापर्यंत किती जणांनी सांगितलं असेल! सगळ्यांना वाटतं, त्यानं मला धीर येईल. मला येत नाही. तुला कळलं नाही, हेच मला पटत नाही. तुला सगळं माझ्या आधी कळायचं.

आणि काही व्हायचंच होतं तर मला व्हायचं होतं ना? बीपी मला आहे. साखर मला आहे. आदल्या रविवारी तू माझ्यापुढं गुडघाभर पाण्यातून तुरुतुरु चालत होतीस आणि मी मागं धापा टाकत होते. गोळ्यांची डबी माझ्या पर्समधे असते आणि "घेतली का गं?" हे तू विचारायचीस. माझ्या सासूबाई, आत्याबाई, तर ऐकून पायरीवरच बसल्या. "माझ्या आधी?" एवढंच म्हणाल्या. कितीतरी वेळ तेच म्हणत होत्या.

शिरूरला बी.एस्सी.ला होतो तेव्हाची तू मला आज सकाळपासून दिसतेयस. तू दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधली, वडील रेल्वेत. शिरूरला मावशीकडं राहून शिकत होतीस. मी मांडवगण फराट्याहून एसटीनं यायचे आणि पहिल्या तासाला कायम उशिरा पोचायचे. प्राणिशास्त्राच्या लॅबमधल्या त्या लांब कपाटात फॉर्मॅलिनच्या बरण्या होत्या, त्यात नदीतले बारके मासे उभे करून ठेवलेले. सर म्हणाले होते, बरणीतूनच ओळखायचे. आम्ही सगळे भिंग घेऊन खवले मोजत होतो, माशाच्या परांमधले काटे मोजत होतो. तू कपाटासमोरून एक चक्कर मारून आलीस आणि म्हणालीस, "सर, ह्या सगळ्यांना मोतीबिंदू झालाय."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "माशाचा डोळा बघून मासा ओळखतात होय?"

"मग माणूस काय बघून ओळखतात, सर?"

त्या दिवशी मी तुझ्याशेजारी येऊन बसले. मला तुझं म्हणणं पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण बरणीतल्या पांढऱ्याफटक डोळ्यांकडं मी त्यानंतर कधी सहज बघू शकले नाही.

घोड नदीवर तू मला पहिल्यांदा नेलंस तेव्हा काठावरच्या खडकावर मला पालथं झोपवलंस. नवा ड्रेस होता माझा. "हातात धरायचं न्हाई, हलायचं न्हाई. फक्त वरनं बघ. आधी डोळा बघ." मला आधी नुसतं पाणीच दिसलं. मग तू माझ्या कानाशी बोलत राहिलीस आणि एकेक मासा जसा काही पाण्यातून वर आला. पाण्याच्या अगदी पृष्ठभागाला चिकटून जो तरंगतोय, ज्याच्या डोळ्याच्या वरच्या कडेवर हिरवट सोनेरी झाक आहे आणि माथ्यावर चांदीचा ठिपका, त्याला आपण दोघींनी तिथंच 'टिकल्या' नाव ठेवलं. तळाच्या वाळूवर निजलेला, ज्याचे डोळे बेडकासारखे डोक्यावर आलेले, तो वेगळा. जो काचेसारखा आरपार दिसतो आणि ज्याचं अर्धं डोकं म्हणजे डोळाच, तो वेगळा. दगडाला पोटानं चिकटून बसणारा मळ्या, त्याचा डोळा बारका आणि मागं सरकलेला. "ज्याला जिथं बघायचं असतं, तिथं त्याचा डोळा असतो," असं तू म्हणालीस. "वर बघणाऱ्याचा वर, कडंला बघणाऱ्याचा कडंला. डोळा बघितला की तो पाण्यात कुठं राहतो ते कळतं. मग नाव शोधायला किती वेळ लागतोय?"

मी म्हणाले, "आणि डोळ्याचा रंग? तो तर उन्हात एक, सावलीत एक. घाबरला की वेगळा. लहानपणी वेगळा, मोठेपणी वेगळा."

"म्हणून तर दोन्हीकडं धरून बघायचं. उन्हात आन् सावलीत."

"आणि मेल्यावर?"

"मेल्यावर गेलाच की तो. मेल्यावर काय बघायचं?"

तू पुढं दौंडच्या कॉलेजात लागलीस, मी मांडवगणच्या शाळेत. दोघींची लग्नं झाली. तुमच्या घरात तुम्ही दोघंच, आमच्याकडं भरलं घर. पण रविवार आपला राहिला. कधी दौंडला भीमेवर, कधी शिरूरला घोडेवर, कधी कुठल्या ओढ्यावर, विहिरीवर. सुरुवातीला आत्याबाईंना ते आवडलं नव्हतं. "दोघी बाया दर रविवारी नदीवं काय करता गं?" असं त्यांनी तुला तोंडावर विचारलं होतं. पुढच्या वेळी येताना तांब्यात एक टिकल्या घेऊन आलीस आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलास. "आत्याबाई, ह्याच्याकडं जरा बघा. ह्यो तुमच्याकडं बघतोय." त्या वाकल्या. नंतर त्या तांब्यावरून उठेनातच. संध्याकाळी तो मासा परत सोडायला जायचं म्हटल्यावर मला म्हणाल्या, "उद्या न्हे की." त्यानंतरच्या रविवारपासून दोन भाकऱ्या आणि ठेचा त्याच बांधून द्यायला लागल्या, एक माझी, एक तुझी. तुझ्या भाकरीला तूप जास्त असायचं. हे मी तुला कधी सांगितलं नाही, पण मला ते दिसायचं.

तुझं सगळं मला आवडायचं असं नाही. वाडीच्या विहिरीवरचं तर अजिबात आवडलं नव्हतं.

कवठे येमाईच्या पुढची ती वाडी. तिथल्या जुन्या विहिरीत टिकल्या आहेत असं तुला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून आपण गेलो. पाऊस उघडला होता आणि गावोगाव डेंग्यूचे पेशंट होते. विहिरीवर गर्दी दिसली. तरुण मंडळाच्या पोरांनी शहरातल्या एका दुकानातून मोठ्या कॅनमधे मासे आणले होते. वाडीतली एक मुलगी शिरूरला दवाखान्यात होती, म्हणून पोरांनी मनावर घेतलं होतं. "गप्पी मासे हायत मॅडम, डासाच्या अळ्या खात्यात. हिरीत सोडायचेत." नारळसुद्धा आणला होता फोडायला.

तू म्हणालीस, "मला बघू दे की."

आपल्या पिशवीतली पांढरी ताटली काढलीस, मगभर पाणी कॅनमधून घेतलंस, दोन-तीन मासे त्यात आले. तू ताटली उन्हात धरलीस, मग पदराच्या सावलीत धरलीस. आणि म्हणालीस, "हे सोडू नका. हे गप्पी न्हाईत."

"कशावरनं म्हणता?"

"डोळ्याखाली बघ. काजळ वघळल्यासारखी काळी रेघ हाय ना? हे डास खातात खरं, पण दुसऱ्या माशांची अंडी, पिल्लं बी खातात. तुमच्या हिरीत आधीच मासा हाय. वाकून बघ, तो सोनेरी डोळ्याचा. तो बी अळ्याच खातो. हे सोडले तर तो ऱ्हायचा न्हाई."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. तेवढ्यात मागून आवाज आला. "माझी पोरगी तिकडं सलाइनवर हाय, आन् ह्या बाया हितं माशाचं डोळं बघत बसल्यात!"

ती संगीता. त्या मुलीची आई. दवाखान्यातून डबा न्यायला घरी आलेली, केस विस्कटलेले, पायात दोन वेगळ्या चपला. मी तुझी बाही ओढली, "चल, प्रज्ञा." मला तिथं एक क्षण थांबायचं नव्हतं. ती बाई बरोबर बोलत होती असं मला वाटलं.

तू तिच्याशी वाद घातला नाहीस. तिच्याजवळ गेलीस आणि विचारलंस, "ताई, तुमचं घर कुठलं?"

"कशाला?"

"पाणी कशात भरून ठेवता, ते बघायचंय."

ती चालायला लागली. तू तिच्यामागं, मी तुझ्यामागं, आणि आपल्यामागं सगळी वाडी. मोरीच्या मागं निळा प्लास्टिकचा ड्रम होता, झाकण नसलेला. तू ताटली बुडवून पाणी काढलंस. त्यात अळ्या वळवळत होत्या. मग तू एका पोराला विहिरीवरून टिकल्या आणायला पाठवलंस. दोन आणले त्यानं, तांब्यातून. तू ते ताटलीत सोडलेस. सगळे वाकून बघत होते. ते मासे जरा वेळ स्थिर राहिले, मग एकानं झडप घातली, मग दुसऱ्यानं, आणि बघता बघता ताटली स्वच्छ झाली.

"ह्यो डेंग्यूचा डास सहसा हिरीत अंडी घालत न्हाई, ताई. ह्याला असं घराजवळचं, साठवलेलं पाणी लागतं."

संगीता ड्रमकडं बघत होती. "म्हंजी माझ्याच दारात व्हतं व्हय?" असं म्हणून ती मोरीच्या कडेला ओल्या फरशीवरच बसली. मला वाटलं आता ही कोसळते. तू साडी वर न घेता तिच्याशेजारी त्या ओल्यातच बसलीस. "सगळ्यांच्याच दारात असतंय. माझ्या बी घरी कूलरमधे निघाल्या व्हत्या मागं. उठा, आधी ड्रम पालथा करू. मग तुम्ही डबा घेऊन जावा, बाकीचं आमी बघतो."

संध्याकाळपर्यंत आपण घरोघर फिरलो. ड्रम, टाक्या, कोंबड्यांच्या पाण्याची भांडी, फ्रीजच्या मागचे ट्रे. मंडळाची पोरं आधी कुरकुरली, मग तीच पुढं झाली. कॅन परत दुकानात गेला; नारळ शेवटी कुणीतरी असाच फोडून वाटला. संगीताची मुलगी आठवड्यानं घरी आली. तुझ्या फोनवर तिचा फोटो आला होता, हातावर सलाइनची पट्टी आणि ओठांना भलीमोठी लिपस्टिक.

पण परतताना एसटीत आपण भांडलो. मी म्हणाले, "एवढ्या लोकांसमोर नुसता डोळा बघून ठाम कसं सांगतेस तू? चुकलं असतं तर?"

"नसतं चुकलं."

"पण समज, चुकलं असतं तर? ते खरंच गप्पी असते तर? एका आईपुढं तू असं छातीठोक बोलतेस. निदान एक मासा घेऊन यायचा, नीट तपासायचा, मग सांगायचं."

"तू खवले मोजेपर्यंत कॅन हिरीत रिकामा झाला असता, वैशे."

"आणि तुझा अंदाज चुकला असता तर आपल्याला मारलं असतं लोकांनी."

"म्हणून बघायचंच न्हाई का?"

शिरूरच्या अलीकडं ट्रकांच्या रांगेत एसटी अडकली, तिथंही आपण भांडत होतो. पुढच्या सीटवरचा माणूस मागं वळून म्हणाला, "जमिनीचं हाय का?" तू म्हणालीस, "न्हाई मामा, डोळ्याचं." त्या माणसाला काही कळलं नाही. आपण दोघी हसत सुटलो आणि भांडण तिथंच राहिलं.

ते तसंच राहिलं, प्रज्ञा. शेवटच्या रविवारीही भीमेच्या काठावर तेच. तुला शाळेतल्या मुलांसाठी छोटं पुस्तक करायचं होतं, पानापानावर नुसता माशाचा डोळा, मोठा करून, आणि खाली नाव. मी म्हणाले, माझं नाव घालायचं असेल तर प्रत्येक पानावर एक ओळ हवी, खात्रीसाठी खवले आणि पराचे काटे मोजावेत. तू म्हणालीस, "मग पोरं मासे मारतील." मी म्हणाले, "मग पोरं चुकीची नावं शिकतील." तू वाळूवर बसून पाय पुसत होतीस. म्हणालीस, "बरं. पुढल्या रविवारी नीट भांडू." मी म्हणाले, "बघू."

'बघू' म्हणाले मी. दुसरं काही बोलायचं सुचलं नाही, कारण दुसरं काही बोलायची गरजच नव्हती. पुढचा रविवार होता.

तुला दौंडच्या घरी आणलं तेव्हा मी तुझ्या डोक्याशी बसले होते. तुझे डोळे मिटलेले होते. मी तुझ्याकडं फार वेळ बघू शकले नाही आणि दुसरीकडंही बघू शकले नाही. बाया येत होत्या, रडत होत्या, मला जवळ घेत होत्या. मला रडू येत नव्हतं, नुसती बधिर झाले होते. मग दारात संगीता दिसली. वाडीवरून दोन एसट्या बदलून आली होती, मुलीला घेऊन. तिला कुणी सांगितलं देव जाणे. ती तुझ्या पायाशी बसली. रडली नाही. तुझ्या पायाचा अंगठा हातात धरून म्हणाली, "मॅडम, उठा की." मग माझ्याकडं बघून विचारलं, "काय झालं व्हतं?"

मी सांगितलं.

"आसं कसं?" ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं. डोकं दुखलं, बसली, पाणी मागितलं.

"व्हय, पर आसं कसं?"

त्या भरल्या घरात प्रत्येकानं मला काही ना काही समजावलं होतं. शरीर अनित्य आहे, ज्याचं त्याचं आयुष्य असतं, दुःख धरून बसू नये. त्या सगळ्यात मला एकट्या संगीताचं बोलणं पटलं. अजूनही तेवढंच पटतंय. आसं कसं?

आता रविवारचं राहिलेलं सांगते.

कार्यक्रम संपला, मंडप सोडायला लागले, तेव्हा मिलिंद माझ्याजवळ आला. बोलताना तो खाली बघत होता. "ताई, मागं या जरा. टपात मासं हायत तिचे."

मला माहीतच नव्हतं. तू त्या आठवड्यात पुस्तकाच्या फोटोंसाठी दोन टब भरून ठेवले होतेस. एकात भीमेचे, एकात वाडीच्या विहिरीचे, आणि वेगळ्या डब्यात तसल्याच काजळरेघेचे दोन-तीन, तुलना करायला दुकानातून आणलेले. दोन्ही टबांत खवल्या नावाच्या बारक्या मासळ्या होत्या, बघायला सारख्याच. पण परसात गेले तर एकच टब होता. तुझी शिरूरची मावशी तिथंच भांडी घासत होती. डोळे सुजलेले. "पावण्यांच्या पाण्याला टप लागत व्हता गं," ती म्हणाली. "म्हून म्या एकात वतलं सगळं. मला काय ठावं, मासं ते मासं." आणि तोंडाला पदर लावला.

मिलिंद म्हणाला, "मी रोज कणीक टाकतोय चिमूटभर. फेकून द्यायला हात होईना. आन् नदीत सोडायला बी... तिचा नियम हाय ना, ज्या पाण्यातलं त्याच पाण्यात. कुठला कुठला, मला कळत न्हाई."

मलाही कळत नव्हतं, प्रज्ञा. माझ्या रीतीनं कळायचं तर त्यांना मारून भिंगाखाली धरायला हवं होतं. मी तुझ्या नेहमीच्या पिशवीतून ती पांढरी ताटली काढली. चष्मा पुसला. मिलिंदनं ताटली धरली, मी वाटीनं एकेक मासा काढून त्यात सोडू लागले. टिकल्या सोपे होते, ते विहिरीतलेच. काजळरेघेचे सोपे होते. ते वेगळ्या बादलीत ठेवले, ते कुठंच सोडायचे नाहीत. खवल्यांशी मी आले आणि अडले. विहिरीतलीच्या डोळ्याला वरच्या कडेला तांबूस झाक असते, नदीतलीचा नुसता फिका पिवळा, असं तू म्हणायचीस आणि मी म्हणायचे, तुला दिसते ती झाक, मला नाही दिसत.

दिसली. उन्हात धरल्यावर नाही, भिंतीच्या सावलीत नेल्यावर. अगदी पुसट, पण होती.

"हा?" मिलिंद विचारायचा.

"विहीर."

"हा?"

"नदी. थांब, सावलीत घे. हो, नदी."

मावशी भांडी घासायची थांबली होती. मंडपवाले बांबू काढत होते, कुणी मिलिंदला हाक मारत होतं, तो हलला नाही. आम्ही दोघं असे त्या ताटलीवर वाकलेलो, जणू काही घडलेलंच नाही, रविवारची दुपार आहे आणि काम संपवून जेवायचं आहे. मला चक्क बरं वाटत होतं. मग एक बारकं पिल्लू आलं ताटलीत, बोटाच्या पेरापेक्षा लहान. उन्हात धरलं, सावलीत धरलं. डोळा ना तांबूस, ना पिवळा. पांढुरका. मी ताटली फिरवली, परत फिरवली आणि वर न बघता स्वयंपाकघराच्या दिशेनं हाक मारली, "प्रज्ञा, ये गं जरा! हा बघ कुठला!"

मिलिंदनं दाराकडं पाहिलं. खरंच पाहिलं त्यानं, मान वर करून, तू येशील म्हणून.

ताटलीतलं पाणी हलायला लागलं. आधी त्याच्या हातानं, मग माझ्या. मावशी उठून आली आणि तिनं आम्हा दोघांच्या हातांखाली आपले ओले हात धरले, नाहीतर ते पिल्लू खाली पडलं असतं. मी रडले ते तिथं, प्रज्ञा. त्याआधी नाही. मिलिंदही तिथंच रडला.

नदीचे मासे आम्ही त्याच संध्याकाळी भीमेत सोडले. विहिरीचे मी सोमवारी वाडीला घेऊन गेले. संगीता आणि तिची मुलगी विहिरीवर थांबल्या होत्या. मुलगी काठावर पालथी पडून कितीतरी वेळ खाली बघत होती आणि मी तिला काहीच सांगितलं नाही, काय बघायचं ते. ती तिचं ती बघत होती.

ते पिल्लू मी घरी आणलंय. ओट्यावर काचेच्या बरणीत आहे. आत्याबाई रोज त्याचं पाणी बदलतात, मला हात लावू देत नाहीत. त्या म्हणतात, "जरा मोठं होऊ दे. डोळा रंगल, मग कळंल कुठलं ते." बरोबर आहे त्यांचं. रंग आला की ठरेल, विहीर की नदी, आणि मग मला ते सोडून यावं लागेल. मग आपल्यात भांडायला काही शिल्लक राहायचं नाही.

आज सकाळी मी बरणी आधी खिडकीच्या उन्हात धरली, मग सावलीत. अजून काही सांगता येत नाही.

मला बरं वाटलं.